घर्षण, रीळ पहिलं

डबा उघडला तर विनागराचा वास.
फिलूच्या घरी लोणच्याच्या बरणीतून यायचा, तसाच.
जुनी फिल्म कुजते तेव्हा हाच वास सुटतो,
मला ठाऊक आहे, तीस वर्षं मी हेच शिकवलं:
आम्ल, लिटमस, लाल.
म्हणजे भौतिकशास्त्राचा तास कधीच संपला
आणि रसायनाचा सुरू झाला, घंटा न होता.

डब्यावर चिकटपट्टी. घर्षण, रीळ पहिलं.
दुसरं सापडत नाही.

ते वर्ष पोलाचं. दिवाडीला वीज यायची होती.
होडीतून प्रोजेक्टर आला, जनरेटर आला,
दोन्हींच्या मध्ये इनास ऑपरेटर, रिळं मांडीवर घेऊन,
आजारी मूल इस्पितळातून घरी आणावं तसा.
पडदा नव्हता. शाळेची भिंत होती,
तिच्यावर कुणी फूल रंगवलेलं, कुणी दोन पानं,
वरून चुन्याचा एकच हात.
त्यामुळे पांढऱ्या कोटातला तो गोरा शास्त्रज्ञ
बराच वेळ छातीवर आमचं फूल वागवत होता.
डावीकडे सरकला की पानं.

तो इंग्रजीत बोलायचा.
भिंतीला टेकून लोटलीकर मास्तर मराठीत,
त्याच्याहून एक वाक्य मागे, कधी दोन पुढे.
तो म्हणाला असेल बर्फ. मास्तर म्हणाले,
"समजा, सबंध गावाला खोबरेल चोपडलं."
समजलं.
भिंतीवरचा माणूस चालायला गेला नि आपटला,
खिळा फळीतून अलगद बाहेर आला,
बुटांच्या नाड्या सुटल्या,
कप टेबलावरून निघाला तो निघालाच.

मागून पास्कू तारी ओरडला,
"मास्तर, आणि दोराची गाठ?"
"तीही सुटेल."
"मग म्हजें व्हडें?"
मास्तरांनी शास्त्रज्ञाकडे पाहिलं.
शास्त्रज्ञ पेन्सिलीला टोक काढत होता.

पास्कू उठला, कंदील घेऊन धक्क्यावर गेला,
गाठ बघून परत आला.
आम्ही हसलो. तो बसला, पाय पोटाशी घेऊन.

मग रीळ अडकलं.
शास्त्रज्ञाच्या खांद्यावर तपकिरी डाग उमलला,
डागाचं भगदाड झालं, भगदाडात नुसता उजेड.
आम्ही टाळ्या पिटल्या, वाटलं हाही प्रयोगच.
इनासने दिवा मालवला, दातात बॅटरी धरून
जळका तुकडा कापला, जोड लावत बसला.
मास्तर थांबले नव्हते.
"घर्षण नसतं," ते अंधारात सांगत होते,
"तर एकदा ढकललेली वस्तू थांबली नसती.
ढकलणारा मेला तरी."
जनरेटर तेवढा धापा टाकत होता.
हे वाक्य रिळातलं की मास्तरांचं,
मी पुढे पुष्कळ पुस्तकं चाळली.
शेवटचे चार शब्द कुठेच नाहीत.

आता खिडकीशी धरून एकेक चौकट बघते.
कोट आहे. कप आहे. फूल अर्थातच नाही,
ते भिंतीचं होतं.
जोड डोळ्याआधी बोटाला सापडतो, खरबरीत.
जोडाच्या अलीकडे त्याचा एक पाय उचललेला,
पलीकडे तो जमिनीवर पडलेला.
मधला सेकंद, चोवीस बारकी चित्रं,
इनासच्या सदऱ्याच्या खिशात गेली.
तो कसा घसरला,
हे आता कोणालाच दाखवता येणार नाही.

"बाई, भंगारात ना?" शिपाई विचारतो.
मी सुतळी मागते.
डबा आवळून बांधते, कपाटात ठेवते, दार लावते,
दार उघडते,
गाठ ओढून बघते.
शिपाई घाईत आहे.
पाचची फेरीबोट चुकेल म्हणतो.